घरी सांगितलेला आकडा

३ मार्च

'प्रिय' लिहू की नको हे बराच वेळ ठरेना, म्हणून नुसतीच सुरुवात करते आहे.

तुझं पत्र मिळालं. घराला गिऱ्हाईक आलंय, भाव बरा मिळतोय, जून संपायच्या आत व्यवहार उरकायचा आहे आणि माझी सही हवी आहे, एवढं समजलं. अर्धे पैसे माझे, वर थोडे जास्त द्यायचीही तुझी तयारी आहे, हेही समजलं. 'तुझा आकडा कळव' असं शेवटी लिहिलं आहेस. पत्र मुद्देसूद आहे, सरकारी खात्यात जन्म गेल्याचं दिसतं. उत्तर आज देत नाही. फोनही करू नकोस. फोनवर आपण एक तर भांडतो, नाहीतर एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि बिल तुला येतं.

बंदरावरचे मोठे वजनकाटे तपासायचे आहेत, सहा महिन्यांचं काम आहे, असं सांगून तू गेलास. मग आणखी सहा महिने झाले. मग मी विचारायचं सोडलं आणि तू सांगायचं. आता तीन वर्षं होतील. घर विकायचं म्हणजे परत यायचं नाही, हे तू कुठेही न लिहिता लिहिलं आहेस. वाचता मला येतं.

दुसरी बातमी अशी की मला नोकरी लागली आहे. हसू नकोस. शाळा बंद झाल्यापासून मी घरी बसून होते, आणि रिकाम्या घरात बसून राहणं हेसुद्धा अंगमेहनतीचं काम आहे, हे मला नव्याने कळलं होतं. काम कुठे आहे म्हणशील तर तुझ्या नदीवर.

वरच्या पुलापाशी पाणी अडवून ते मोठ्या पाइपातून थेट खालच्या वीजघरात न्यायचं, असं वीज कंपनीच्या मनात आहे. मधला पट्टा, म्हणजे तू दर रविवारी जिथे जाऊन बसायचास तो, जवळजवळ कोरडा पडेल. विजेचे किती पैसे होतील ते कंपनीने नगरपालिकेला छापील कागदावर दिलं. मग कोणीतरी विचारलं, तिथे हौसेने गळ टाकायला एवढी माणसं येतात, त्याची किंमत किती? ते कोणालाच सांगता येईना. म्हणून विद्यापीठातून अर्थशास्त्राच्या एक बाई आल्या आहेत. आपल्या लेकीच्याच वयाच्या आहेत. मी मनात त्यांना आकडेबाई म्हणते. लोकांकडून फॉर्म भरून घ्यायची सवय असलेलं माणूस त्यांना हवं होतं, आणि शाळेच्या ऑफिसात मी दुसरं केलं काय?

तर आता मी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर फॉर्म लावायची पाटी घेऊन काठावर बसते. कुठून आलात, किती खर्च झाला, किती वेळ थांबणार, हा पट्टा बंद झाला तर कुठे जाल, असं प्रत्येकाला विचारते. ज्या नदीला मी इतकी वर्षं मनातल्या मनात बोल लावला, तिची किंमत काढायला मलाच बसवलंय. आज एवढंच. पाय फार दुखतायत.


२१ मार्च

पैसे मिळाले. पाठवत जाऊ नकोस म्हणून मागे लिहिलं होतं, तरी पाठवतोस. असो.

तू इथे काय बघत बसायचास ते अजून मला कळलेलं नाही. खुर्ची एका बाजूला कलते, सकाळी काठावर असा गारठा असतो की पेन चालत नाही, आणि दुपारी उन्हाने डोळे मिटतात. माणसं बोलत नाहीत. दोघे भाऊ एकसारख्या टोप्या घालून येतात आणि दिवसभर एकमेकांना एक शब्दही बोलत नाहीत. जाताना मात्र म्हणतात, 'छान गेला दिवस.' मला वाटलं, थट्टा करतायत. खरंच म्हणत होते.

सगळे तुला ओळखतात. इथे तुला 'खंड्या' म्हणतात हे तू कधी सांगितलं नाहीस. पुलाखालच्या त्या सपाट दगडावर तू तासन् तास हलायचा नाहीस म्हणून. गळ आणि काठ्या विकणारा दुकानदार मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "वहिनी तुम्ही! खंड्याच्या घरच्या! अहो, त्यांचा दगड आम्ही कोणाला देत नाही." मी म्हटलं, "द्या, द्या, ते काही येत नाहीत आता." त्याचा चेहरा एवढा पडला की मलाच त्याला पाणी विचारावं लागलं.

आकडेबाईंनी मला त्यांचं शास्त्र समजावलं. पाण्याला तिकीट नाही, मग किंमत काढायची कशी? तर माणूस ते गाठायला काय काय खर्च करतो ते धरायचं. गाडीचं तेल, आमिष, वाटेतलं खाणं, राहिला तर खोलीचं भाडं. शिवाय वेळ. तो नदीवर न येता कामावर गेला असता तर जे मिळालं असतं त्याचा तिसरा हिस्सा धरतात. सगळा का नाही, तर म्हणे हौशीचा वेळ पूर्ण दराने धरत नाहीत.

मी विचारलं, "आणि तो येईपर्यंत घरी जी वाट बघते तिचा वेळ?"

त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाल्या, "ताई, ती नदीवर आलेली नसते ना. मग ती हिशोबात येत नाही."

मुलगी चांगली आहे. तिला वाईट वाटलं, म्हणून मीच तिला चहा पाजला.

घराचं अजून ठरवलेलं नाही. दलालाचा फोन आला होता. मी म्हटलं, सध्या मी नदीवर असते.


९ एप्रिल

इथे मोठा घोळ झाला आणि तो निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले.

शंभरावर माणसांचे फॉर्म झाल्यावर आकडेबाईंनी बेरीज केली आणि कपाळाला हात लावून बसल्या. नदीची किंमत इतकी किरकोळ निघाली की विजेच्या निम्म्यानेसुद्धा भरेना. त्या म्हणाल्या, "ताई, हे शक्यच नाही. ही माणसं सांगतायत त्या खर्चात इथवर सायकलसुद्धा येणार नाही." मग माझ्याकडे बघून जरा चाचरत विचारलं, "तुम्ही नीट विचारता ना?"

नीट विचारता ना! फी भरल्याचा खोटा कागद मी टेबलाच्या पलीकडून ओळखायचे. फार राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी फॉर्मकडे न बघता तोंडाकडे बघत राहिले, आणि पहिल्याच माणसापाशी मला उलगडा झाला.

दातांचे डॉक्टर आहेत एक, दर शनिवारी येतात. त्यांना विचारलं, काठी कितीला घेतली? त्यांनी काठी पाठीमागे सरकवली. माझ्यापासून! मग म्हणाले, "जुनीच आहे. एका मित्राने दिली." काठीच्या मुठीवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून निघालेला नव्हता.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "डॉक्टर, मी तुमची बायको नाही."

ते आधी लाल झाले आणि मग असे हसले की शेजारच्याचा मासा पळाला. हा सगळा प्रकार एवढाच होता. समोर पन्नाशीची बाई, मांडीवर पाटी, डोळ्यांवर चष्मा, आणि प्रश्न काय तर किती खर्च केलेत? यांच्या तोंडून आपोआप घरी सांगितलेला आकडा निघत होता. त्यात त्यांचा दोष नाही, वर्षानुवर्षांची जीभ वळलेली. एकेकाला दोन दोन आकडे पाठ असतात. एक खरा आणि एक घरचा. आकडेबाईंच्या पुस्तकांत हे कुठेच दिलेलं नाही. त्यांचं लग्न व्हायचं आहे.

तेव्हापासून मी सुरुवातच अशी करते: "हे घरी कळवलं जाणार नाही. खरा आकडा सांगा." जुन्यांनाही गाठून पुन्हा विचारलं. काय काय बाहेर आलं म्हणून सांगू! एकाने गळाच्या दोऱ्याच्या नुसत्या रिळासाठी दोन पगार घातलेत आणि घरी ते ऑफिसातल्या स्पर्धेचं बक्षीस आहे. एक जण आमिषाच्या डब्या आईकडे ठेवतो. टोपीवाल्या भावांनी मिळून एक खोलीच भाड्याने घेतली आहे, बायकांना वाटतं दोघे एकमेकांच्या घरी असतात. सांगून झालं की माणसं हलकी होतात, मला पाणी विचारतात, खुर्ची सावलीत सरकवून देतात. मी मात्र संध्याकाळी घरी येते तेव्हा सगळ्यांच्या बायकांचं ओझं माझ्या डोक्यावर असतं. दार उघडते आणि बूट न काढताच बसून राहते.

बेरीज आता दुपटीच्या वर गेली. आकडेबाई खूष आहेत.

एकच रकाना राहिला आहे, तो माझ्याच्याने भरवत नाही. 'किती मासे घरी नेले?' सगळे शून्य म्हणतात. खरं बोलायला लागलेली माणसंसुद्धा शून्यच म्हणतात. तू तर दर रविवारी दोन आणायचास. मग या सगळ्यांत तू एकटाच एवढा हुशार होतास का?


२७ एप्रिल

मासे घरी न्यायला इथे बंदीच आहे. धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. पुलाच्या कठड्यावर पत्र्याची पाटी आहे. ती मी रोज बघत होते, पण गंजलेली म्हणून वाचली नव्हती. दुकानदाराला विचारलं, हा नियम कधीपासून? तो म्हणाला, "पहिल्यापासून, वहिनी. त्याच बोलीवर तर ही जागा मिळालेली. खंड्यांना विचारा, त्यांच्याइतकं अलगद कोणी सोडायचं नाही. पाण्यात हात धरून उभे राहायचे, तो आपणहून जाईपर्यंत."

 मी फॉर्मची पाटी उचलली आणि त्या दिवशी लवकर निघाले. आकडेबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय. दुखत होतंच.

बसच्या डेपोजवळच्या मासळीबाजारात मी जन्मात पाय टाकला नव्हता. वासाने मला कसं होतं ते तुला माहीत आहे. नाकाला पदर लावून गेले. ज्यांचे ज्यांचे वजनकाटे तू तपासायचास त्यांना विचारत विचारत तिसऱ्या रांगेत पोचले. मासेवाली मोठी ठसकेबाज आहे. मी नुसतं तुझं वर्णन केलं तर म्हणाली, "काटेवाले साहेब! कुठे गेले हो ते? दर रविवारी यायचे, बाजार उठायच्या वेळेला. तळ्यातला का असेना, पण ठिपक्यांचा पाहिजे, म्हणायचे."

"भाव करायचे?"

"छे! कधी नाही. वजन मात्र डोळे फाडून बघायचे. सवयच ना ती."

"मग?"

"मग खिशातून गळ काढायचे आणि माशाच्या ओठात घालून ओढायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, साहेब, मेलाय तो, आता कशाला? तर म्हणाले, माहीत आहे, पण घरी मुलगी निरखून बघते."

बघायचीच. ओट्याला हनुवटी टेकवून उभी राहायची. "बाबा, इथे त्याला दुखलं असेल?" आणि तू म्हणायचास, "नाही गं, त्याला कळलंसुद्धा नाही." खोटं नव्हतास बोलत, एवढं मी मान्य करते.

मी मासेवालीला काय सांगणार! तिने मला घरची समजून एक मासा फुकट देऊ केला. मी पळून आले.

आता मला जे बोलायचं आहे ते बोलते, कारण समोर नाहीस ते बरंच आहे. तुला लाज नाही वाटली? लग्नानंतर पहिल्या वर्षी मी एकदा म्हटलं होतं, सबंध दिवस जातोस आणि हात हलवत येतोस. कुठलीही बायको म्हणेल. त्यावर एका वाक्यात सांगायचं होतंस की बाई, तिथे न्यायचेच नसतात. ते सोडून तू इतकी वर्षं बाजारातून मासे विकत आणलेस, त्यांचे ओठ फाडलेस, आणि मी ते साफ केले! रविवारी संध्याकाळी, थंड पाण्यात, खिडकी सताड उघडून. सिंकची जाळी खवल्यांनी तुंबायची, नळवाला दर दोन महिन्यांनी यायचा आणि मला म्हणायचा, तुमच्याकडे मासे फार आवडतात वाटतं. मला मासा आवडत नाही. कधीच आवडला नाही. पण तू गारठ्यात बसून धरून आणलास, तो टाकायचा कसा, म्हणून मी केला आणि खाल्ला. बोटांना लागलेला वास सोमवारी शाळेत नेला.

हसायलाही येतंय आणि ओरडावंसंही वाटतंय. दोन्ही नीट जमत नाही, दमले आहे.

घराचं नंतर लिहिते. आधी एक सांग, तुला तरी तो मासा आवडायचा का?


१६ मे

चार ओळींचं उत्तर आलं. त्यातल्या दोन दलालाबद्दल आहेत.

उरलेल्या दोन मी इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्या. 'मासा मला आवडत नाही. तुला आवडतो असं वाटायचं, तू नेहमी दुसऱ्यांदा घ्यायचीस.'

अरे, दुसऱ्यांदा घ्यायचे कारण तुझ्या ताटात उरलेला असायचा! तुझं म्हणणं, आज भूक नाही. मला वाटायचं, दिवसभर बसून दमलास. मग तो टाकवत नाही म्हणून मी घ्यायचे. म्हणजे त्या टेबलाशी बसलेल्या तिघांपैकी एकालाही मासा नको होता. लेक तर रडूनच खायची.

आज दलाल त्या गिऱ्हाइकांना घेऊन आला होता. तरुण जोडपं आहे. त्याने टेप लावून खोल्या मोजल्या, तिने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बघितला आणि म्हणाली, "पाणी छान जातं की." मी म्हटलं, "हो, तीन वर्षं छान जातंय." त्यांना चहा दिला. ती बाई बाल्कनीत उभी राहून त्याला हलकेच म्हणत होती, इथे तुझी खुर्ची, इथे माझी. मी आत गेले आणि उगीचच कपाट उघडून उभी राहिले.

ती माणसं चांगली आहेत. हे मुद्दाम लिहिते. त्यांना घर द्यायला नाही म्हणावं असं त्यांच्यात काही नाही.

तू काय खाल्लं असतंस? त्या रविवारी, खरं सांगायचं तर?


१२ जून

तुझं पत्र परवा आलं. 'काहीही चाललं असतं, अंडीसुद्धा.' आणि खाली, 'कृपया सहीचं बघ, मुदत संपत आली.'

आधी नदीचं सांगते, म्हणजे माझं डोकं ताळ्यावर येईल.

अहवाल गेला. शेवटच्या आठवड्यात आकडेबाईंनी आणखी दोन प्रश्न घातले होते. आधी विचारायचं की नदी राहावी म्हणून तुम्ही किती द्याल. मग विचारायचं की हा पट्टा कायमचा सोडून द्यायला तुम्ही किती घ्याल. त्यांना वाटलं होतं, दोन्ही आकडे साधारण जवळ येतील. कसले येतात! द्यायचा आकडा सगळे सांगतात, जपून, खिसा चाचपून. घ्यायचा म्हटलं की माणसं बिथरतात. डॉक्टर म्हणाले, "हे काय विचारता?" टोपीवाले भाऊ पहिल्यांदाच माझ्यासमोर एकमेकांशी बोलले, आणि मग दोघांनी मिळून मला सांगितलं, "लिहा, नाही." दुकानदाराने तर फॉर्म परत दिला. "वहिनी, विकायचं नसतं त्याचा भाव विचारला की माणसाला आपण चोर वाटायला लागतो."

मी सगळं जसंच्या तसं लिहून नेलं. आकडेबाईंनी ते फॉर्म वेगळे काढले. मी विचारलं, यांचं काय करायचं? त्या म्हणाल्या, ज्या उत्तरात आकडा नाही ते बेरजेत घेता येत नाही, तशी पद्धतच आहे, वगळायचे. निम्म्याच्या वर माणसं त्या गठ्ठ्यात गेली. त्यांना स्वतःलाही ते बरं वाटलं नाही, गठ्ठ्याला रबर लावताना दोनदा तुटलं. पण पद्धत ती पद्धत. उरलेल्यांची बेरीज करून नगरपालिकेला दिली.

निकाल कालच लागला. सोमवार ते शुक्रवार पाणी पाइपात जाणार. शनिवार-रविवार नदीत सोडणार. नदीलाही आता आठवड्याची सुट्टी मिळाली, असं मी म्हटलं, तर कोणी हसलं नाही. दुकानदार म्हणाला, पाच दिवस कोरड्यात काढून मासा शनिवारी गळाला लागायला येणार आहे का? बरोबर आहे त्याचं. पण पूर्ण गेली नाही, एवढंच. कोणी पेढे वाटण्यासारखं नाही आणि कोणी रडण्यासारखंही नाही. मी खुर्ची घडी करून परत दिली. कमरेत अजून तिचा आकार आहे.

आता घराचं.

तू मार्चात लिहिलंस, 'तुझा आकडा कळव.' मी तीन महिने टाळलं ते हट्टाने नाही. मी खरंच बसून आकडा काढायचा प्रयत्न केला. मला आता ते काम येतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी. एवढ्या वर्षांच्या रविवार संध्याकाळी, तिसऱ्या हिश्शाने धरल्या तरी. तुंबलेली जाळी. तू बाजारात उभा राहून खिशातून गळ काढायचास ती पाच मिनिटं, ती कुठल्या रकान्यात घालायची? त्या पाच मिनिटांसाठी मला तुझा संताप येतो, आणि त्याच पाच मिनिटांसाठी माझ्याच्याने सही होत नाही. इतकं खोटं कोणी उगाच करत नाही. निदान इतकी वर्षं नाही करत.

तेव्हा माझ्याकडे आकडा नाही. कितीही वाढवलास तरी नाही. पद्धतीप्रमाणे हे उत्तर तुला वगळता येईल, मला माहीत आहे. वकिलाकडूनही ते होईल म्हणतात, वेळ लागतो एवढंच. पण मी वगळली गेले असं मला कळवायला नुसतं पाकीट पाठवू नकोस. त्या गठ्ठ्यातल्या माणसांना कोणी येऊन सांगितलं नाही की तुम्हाला धरलेलं नाही. मला ते फार लागलं.

तू ये. कागद घेऊन ये, पेन घेऊन ये. दलालाला मी महिनाअखेरपर्यंत थांबवलं आहे, तो थांबेल. मी तुला परत राहा म्हणते आहे, असं समजू नकोस. म्हणतही असेन, मलाच नक्की ठाऊक नाही, आणि आता या वयात ठाऊक असल्याचा आव आणायचं त्राण माझ्यात नाही. कदाचित समोर बसलास की मी मुकाट्याने सही करून देईन, आणि ते दोघे बाल्कनीत खुर्च्या टाकतील. कदाचित तूच कागद बाहेर काढणार नाहीस. काहीही झालं तरी ते टेबलाशी बसून होऊ दे, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

इतकी वर्षं आपण दोघांनी एकमेकांसाठी जे काही केलं ते न विचारता केलं. आता विचारून बघू, एकदाच. गाडीत बसलास की कळव, म्हणजे मी दाराची कडी काढून ठेवते.